मागची भिंत पाहिल्याशिवाय दर सांगत नाही

प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारे यंत्र, मी धंद्यासाठी घेतलेच नव्हते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि आमच्या दुकानात गुडघाभर गाळ ठेवून ओसरले, तेव्हा तो धुऊन काढण्यासाठी भावाने आणि मी मिळून हे यंत्र आणले. आधी आमचे दुकान धुतले, मग शेजाऱ्यांची, आणि त्याचे पैसे घेण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. पुढच्या मे महिन्यात मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी गावच्या घराच्या भिंतींवरचे काळे शेवाळ काढून द्याल का, असे फोनवर विचारले, तेव्हा ‘किती सांगायचे?’ हा प्रश्न पहिल्यांदा समोर उभा राहिला.

रंगारी चौरस फुटावर बोलतात, प्लास्टरवाले ब्रासवर (शंभर चौरस फुटांवर) बोलतात, म्हणून मीही चौरस फुटाला दोन रुपये असे ठोकून दिले. त्यांनी व्हॉट्सॲपवर घराचा फोटो पाठवला होता. घर चाळीस बाय तीस, भिंत बारा फूट उंच, म्हणजे १६८० चौरस फूट आणि ३३६० रुपये. प्रत्यक्षात गेलो तर घर उतारावर बांधलेले होते. समोरून बारा फूट असलेली भिंत मागे जोत्यासकट बावीस फूट होती, आणि तिथे शिडी टेकवायला सपाट जागा नव्हती. बांबू आणून परांची बांधावी लागली आणि एका दिवसाच्या कामाला दीड दिवस लागला. कोकणात निम्मी घरे अशीच असतात हे मला, इथेच जन्मलेल्या माणसाला, ठाऊक असायला हवे होते. पण फोटो नेहमी अंगणातून काढला जातो.

त्यानंतर मी भिंतीचा नव्हे तर दिवसाचा हिशेब मांडू लागलो. दोन मदतनिसांची मजुरी १६००, माझी स्वतःची १००० (पहिल्या वर्षी ही मी धरलीच नव्हती, आणि उरलेल्या पैशाला नफा समजत होतो), गाडी आणि इंधन ६००, शेवाळ मारायचे औषध (हायपो, म्हणजे ब्लीचचे द्रावण) ४००, आणि पंपाची सीले, होज, गन यांच्या झिजेचे २५०. याखेरीज टेम्पोचा हप्ता, विमा आणि सामान ठेवण्याच्या खोलीचे भाडे मिळून वर्षाला ९६,००० रुपये जातात. सुरुवातीला मी ही रक्कम ३०० दिवसांनी भागली आणि दिवसाला ३२० रुपये धरून समाधान मानले. वहीत मोजले तेव्हा कळले की कामाचे दिवस वर्षाला १४० च्या आसपासच भरतात, म्हणजे तोच आकडा ६८६ होतो. सगळे मिळून ४५३६, त्यावर वीस टक्के चढवले की साधारण साडेपाच हजार. हा माझा आजचा दिवसाचा दर आहे. चौरस फूट मी अजूनही मोजतो, पण काम किती दिवसांचे आहे हे ठरवण्यापुरतेच. इतक्या उलाढालीला जीएसटीची नोंदणी लागत नाही, कारण सेवांसाठीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे.

हे १४० दिवसही गुण्यागोविंदाने येत नाहीत. गणपतीच्या आधी प्रत्येकाला घर स्वच्छ हवे असते, आणि तेव्हा विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, पण ऊन नसते आणि औषध भिंतीवर मुरायच्या आत सर येऊन ते धुऊन नेते. मे महिन्यात ऊन लखलखीत असते, चाकरमानीही आलेले असतात, पण पाणी नसते. माझे यंत्र मिनिटाला सात लिटर पाणी ओढते. अडीच तासांत हजार लिटरची टाकी रिकामी. टेम्पोतून मी पाचशे लिटर नेतो, ते सत्तर मिनिटे पुरते, आणि त्याहून जास्त वजन त्या बिचाऱ्या गाडीला सोसत नाही. म्हणून मे महिन्यात टँकरचे पैसे वेगळे असतील, हे मी आधीच लिहून देतो.

सर्वांत महाग पडलेला धडा मात्र जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचा. एका घराच्या कंपाउंडचे चिरे काळे पडले होते आणि पांढऱ्या नोझलने, म्हणजे चाळीस अंशांच्या फवाऱ्याने, काम सावकाश होत होते. घाई होती, म्हणून मी पंधरा अंशांचे, म्हणजे अरुंद आणि जास्त जोराच्या फवाऱ्याचे, पिवळे नोझल लावून गन वीतभर अंतरावर धरली. काळे झटक्यात गेले, आणि पाठोपाठ चिऱ्यातून लाल पाणी वाहू लागले. मला वाटले मळच निघतो आहे. मालकीणबाई पडवीतून पाहत होत्या. त्या खाली आल्या, चिऱ्यावर अंगठा दाबला, आणि अंगठ्याला ओली तांबडी माती लागली. “अहो, हा मळ नाही, आमचा चिरा निघतोय,” एवढेच त्या म्हणाल्या. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून वरून कठीण होतो. ती वरची कठीण साल मी सोलून काढली होती. सात चिरे बदलून दिले, त्यात त्या कामाची सगळी मजुरी गेली. आता जांभ्यावर गन चालवत नाही. पातळ हायपो, नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि साधा पाइप. वेळ दुप्पट लागतो, म्हणून दिवसही दुप्पट लावतो.

हायपो वापरण्यापूर्वी तुळस आणि अबोली भरपूर पाण्याने भिजवून झाकायची, आणि गिऱ्हाइकाने संडासासाठी ठेवलेले ॲसिड ‘हेही घाला’ म्हणून आणून दिले तर ते तिथेच परत द्यायचे. दोन्ही एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो. कौलांवर मी चढत नाही. प्रेशरने पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे आत घुसते, आणि जुने मंगलोरी कौल फुटले तर त्याच्या मापाचे दुसरे मिळेलच असे नाही.

राहिली घासाघीस. “एवढ्यात तर रंग होईल हो,” हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा ऐकावे लागते. रंग होणार नाही, हे त्यांनाही माहीत असते, आणि शेवाळावर मारलेला रंग पुढच्या पावसात पोपडे धरतो हे मला. पूर्वी मी पाचशे रुपये सोडून मोकळा होत असे. आता दर तोच ठेवतो आणि काम कमी करतो. गेल्या महिन्यात एका काकांना दोन दिवसांचे अकरा हजार जास्त वाटले, मी विचारले, “काका, कोणती बाजू सोडू?” त्यांनी घराला एक फेरी मारली आणि पडवीकडची भिंत सोडायला सांगितली. काम दीड दिवसावर आले, बिल सव्वाआठ हजार झाले. ती भिंत ते दिवाळीच्या आधी स्वतः घासणार आहेत. काथ्याचा एक ब्रश मी त्यांच्याकडे ठेवून आलो.