सायकल बाहेर ठेवायचीये? आधी बिजागरी बघा
घरात जागा नाही म्हणून सायकल बाहेर, कव्हर टाकलं की झालं असं वाटायचं मला, पण महिन्याभरात चेन तांबूस, कारण कव्हरच्या आत दमट हवा कोंडून राहते ना. मग सायकल आत ठेवता येईल अशी पत्र्याची, दार असलेली पेटी शोधायला लागलो. सगळे कुलूप बघतात, मी म्हणतो बिजागरी बघा! स्क्रू बाहेरून दिसत असतील तर दोन मिनिटांत दार हातात आणि कुलूप बिचारं तसंच लटकलेलं. हँडलच ६०-७० सेंमी रुंद असतं, त्यामुळे आतलं माप टेपनं घ्याच. आणि हो, काँक्रीटमध्ये कडी बसवून फ्रेम तिलाच यू-लॉकनं (यू आकाराच्या कुलपानं) अडकवा, नुसतं चाक नको, चाक तिथंच सोडून बाकी सायकल नेतात लोक.