सारंगखेड्याची पट्टी, मामाची विहीर

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या यावलहून मामाचा फोन आला होता. केळीच्या शेतातली दुसरी बोअर आटली. "पाणी किती खाली गेलं?" मी विचारलं. तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाला, "खाली गेलं एवढं खरं. किती ते कोन पाहिलं?"

ते "कोन पाहिलं" माझ्या डोक्यातून जाईना. साठ वर्षं त्या मळ्यात राबलेला माणूस, पण पायाखालचं पाणी किती हात खाली आहे ते त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून श्रावणात कानबाईच्या सणाला धुळ्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा सोमवारी परस्पर पुण्याला न परतता तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याने यावलपर्यंत जायचं ठरवलं. जमिनीची आणि पाण्याची मोजणी जिथे जिथे होते ती ठिकाणं वाटेत बघायची होती. दाजी निवृत्त शिक्षक, आणि गाडी चालवायची त्यांना भारी हौस. ते बरोबर आले.

धुळ्यातून दोंडाईच्याच्या रस्त्याला लागलं की शेतांमधून काळ्या दगडाच्या लांबलचक टेकड्या दिसू लागतात. टेकड्या म्हणायचं, पण त्यांचा आकार भिंतीचा. रुंदी थोडी, लांबी नजर पोचेल तिथपर्यंत, आणि दिशा जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम. लहानपणी मी त्या कुठल्यातरी राजाने बांधलेल्या तटबंद्या समजायचो. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळत होता तेव्हा जमीन उत्तर-दक्षिण ताणली जाऊन फाटली, त्या भेगांमध्ये शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, घुसला आणि तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि भिंती उघड्या पडल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अभ्यासकांनी अशा 210 मोठ्या भिंती नकाशावर मांडल्या आहेत. जाडी 3 मीटरपासून 62 मीटरपर्यंत, आणि सगळ्यांत लांब आहे ती साक्रीहून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी, 79 किलोमीटरची.

एका भिंतीजवळ गाडी थांबवली. दगडाला हात लावला, तर सकाळी आठलाही तो कोमट लागला. मला ग्रिंडाविक आठवलं. आइसलँडमधलं हे जेमतेम चार हजार वस्तीचं मासेमारीचं गाव. 10 नोव्हेंबर 2023 ला त्याच्या पोटाखाली अशीच एक भिंत तयार होत होती, सुमारे 15 किलोमीटर लांबीची. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण भूकंपमापकांवर छोट्या धक्क्यांची रांग उमटत होती, आणि धक्क्यांच्या जागा एका रेषेत पुढे पुढे सरकत होत्या. जीपीएसचे खांब एकमेकांपासून दूर जात होते. उपग्रहाच्या रडारने आधी आणि नंतर टिपलेल्या चित्रांत मधली जमीन खचलेली आणि दोन्ही बाजू वर आलेल्या दिसत होत्या. शास्त्रज्ञांनी ओळखलं, शिलारस आडवा चाललाय. त्याच रात्री गाव रिकामं केलं. उद्रेक झाला 18 डिसेंबरला, आणि तोवर माणसं बाहेर पडलेली होती. ज्वालामुखीवर नजर ठेवतात ती प्रामुख्याने अशीच. कंप मोजायचा, जमिनीचा कल आणि फुगवटा मोजायचा, आणि गंधकाचे वायू किती बाहेर पडतात ते बघायचं. तिकडे जे पडद्यावर रेघांमध्ये दिसलं, ते इकडे धुळ्याच्या शेतकऱ्याच्या बांधाला दगड होऊन उभं आहे.

दाजींना शिलारसापेक्षा विहिरींत रस. "भिंतना अल्याड पानी शे, पल्याड काहीच नही," ते म्हणाले. तेही खरंच. अखंड डाईक जमिनीखाली बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो, आणि तडकलेला असला तर त्याच्याच कडेने पाणी वाहतं. इथे विहीर कुठे खणायची हे ठरवताना भिंत बघावीच लागते.

सारंगखेड्याला पोचलो तेव्हा तापीच्या काठावर ही गर्दी. कानबाई आलेल्या. डोक्यावर पाट, पाटावर दागिने ल्यालेली नारळाची देवी, पुढे डफ, बायकांच्या फुगड्या. नदी गढूळ, तुडुंब नव्हे पण भरलेली. हे गाव दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी सगळ्यांना ठाऊक असतं. मी आलो होतो नदीची पातळी मोजायची पट्टी बघायला.

केंद्रीय जल आयोगाची तापीवर जी मोजणीठाणी आहेत त्यांतलं हे एक. बऱ्हाणपूर, भुसावळ, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा, आणि पुढे गुजरातेत उकाई. नदीत उतरत गेलेले खांब, त्यांवर पांढऱ्या रंगावर काळे आकडे. आकडा म्हणजे पाण्याची खोली असेल असं मला वाटत होतं. तिथे हजर असलेल्या कर्मचाऱ्याने समजावलं की ती समुद्रसपाटीपासूनची उंची असते. त्यामुळे बऱ्हाणपूरचं पाणी आणि सारंगखेड्याचं पाणी एकाच मापात बोलतं.

पावसाळ्यात दर तासाला पट्टी वाचायची. दिवसा, रात्री, पाऊस कोसळत असला तरी. लाटेमुळे पाणी वरखाली होतं, म्हणून क्षणभर थांबून मधला आकडा धरायचा. मी विचारलं, रात्री तीनला कसं करता? तो म्हणाला, "बॅटरी घेऊन. बाराच्या नि चारच्या मध्ये तीन आकडे राहिले तर पाणी कधी चढलं ते कुणाला कळणार?" आता रडारवर चालणारे स्वयंचलित मापकही बसवले जातात. ते पुलावरून खाली लहरी सोडतात, परत यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी काढतात आणि उपग्रहामार्फत आकडा पाठवतात. तरीही पुराच्या पहिल्या फटक्यात यंत्र बंद पडलंच, तर पट्टी आणि माणूस लागतोच.

पातळी कळली म्हणजे पाणी किती वाहतंय ते कळलं असं होत नाही. त्यासाठी करंट मीटर पाण्यात सोडतात. चक्रावर छोट्या वाट्या असतात, प्रवाहाने त्या फिरतात, आणि किती सेकंदांत किती फेरे झाले त्यावरून वेग निघतो. प्रवाहाने यंत्र वाहून जाऊ नये म्हणून खाली माशाच्या आकाराचं जड वजन बांधलेलं असतं, आणि त्याचं तोंड आपोआप प्रवाहाकडे वळतं. नदीच्या रुंदीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांशावर वेग घ्यायचा, कारण तिथला वेग जवळजवळ सरासरीएवढा असतो. वेग गुणिले त्या भागाचं क्षेत्रफळ, आणि सगळ्यांची बेरीज. अशा शेकडो मोजण्यांतून पातळी आणि प्रवाह यांचं नातं सांगणारी वक्ररेषा तयार होते. पुढे नुसती पट्टी वाचली तरी प्रवाह सांगता येतो. नदीचं पात्र बदललं की रेषा पुन्हा तपासायची.

हे इतक्या तपशिलात लिहितोय, कारण ऑगस्ट 2006 मध्ये सुरतेत काय झालं ते माझ्या पिढीला आठवतं. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. तापी 724 किलोमीटर लांब, खोरं 65,145 चौरस किलोमीटर आणि तीन राज्यांत वाटलेलं. सुरतेत डोक्यावर आभाळ कोरडं असताना पूर येतो तो तापीच्या उगमाकडून, मुलताईकडून, आणि आमच्या खानदेशातून. हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले, पांझरा आणि गिरणा या उपनद्यांनी किती भर घातली, हे वेळेवर खाली पोचलं तरच उकाईत आधी जागा करता येते. त्या काठावर उभा असताना मला रात्री तीनच्या त्या आकड्याचं फार मोल वाटलं. कानबाई पाण्यात गेली, बायका परत फिरल्या. त्या कर्मचाऱ्याने घड्याळ बघितलं आणि तो पट्टीकडे निघाला.

पुढे शहादा, शिरपूर, चोपडा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचे खड्डे सोडले तर सांगण्यासारखं काही नाही. पण डावीकडे सातपुडा सारखा सोबत असतो, आणि त्या डोंगराखाली खोलवर काय आहे ते मला ठाऊक होतं. नर्मदा आणि तापी दोघी पश्चिमेला वाहतात त्या पृथ्वीच्या कवचातल्या फार जुन्या, कमकुवत पट्ट्याच्या आधाराने. 14 मार्च 1938 ला याच सातपुड्यात सहाहून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. माझी आजी, म्हणजे मामाची आई, तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती सांगायची, "उतरंड खालपासून वरपर्यंत वाजली, पण पडली एकच मडकी." आम्ही हसायचो. पुढे मला कळलं की जुन्या भूकंपांची तीव्रता ठरवतात ती अशाच आठवणींवरून. भांडी वाजली की पडली, भिंतीला तडा गेला की भिंत कोसळली, हे गावागावातून गोळा करून नकाशावर वर्तुळं काढतात. आजीची उतरंड हीसुद्धा एक नोंद होती.

त्या भूकंपाचा उगम सुमारे 40 किलोमीटर खोल होता. म्हणून धक्का लांबवर जाणवला, पण हानी मर्यादित राहिली. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप साधारण तेवढ्याच तीव्रतेचा, पण जेमतेम 10 किलोमीटर खोलीवरचा. तिथे काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही.

शहादा तालुक्यात सावळद्याला भूकंपमापन केंद्र आहे, आणि राज्यातल्या धरणांजवळच्या भूकंपमापकांच्या नोंदी नाशिकच्या मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तपासल्या जातात. यंत्राचं तत्त्व साधं आहे. स्प्रिंगला टांगलेलं वजन जागेवर राहू पाहतं, जमीन हलते, आणि दोघांमधला फरक वीजप्रवाह होऊन नोंदला जातो. आधी येते ती वेगवान प्राथमिक लहर, मागून दुय्यम. दोघींमध्ये जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला साधारण आठने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. दहा सेकंद म्हणजे ऐंशी किलोमीटर. एका केंद्रावरून फक्त अंतर कळतं, जागा ठरवायला तीन केंद्रं लागतात. भूकंप कधी होणार हे मात्र जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. समाजमाध्यमांवर तारखा फिरतात, त्या पुढे पाठवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अडावदपासून आत उनपदेवला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गोमुखातून वाफाळतं पाणी कुंडात पडतं. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी इथली कथा. पाणी 60 अंशांच्या आसपास, हात धरवत नाही. खाली ज्वालामुखी धगधगतोय असं बरेच जण समजतात. तसं नाही. इथला लाव्हा कधीच थंड झाला. जमिनीत जसजसं खोल जावं तसं दर किलोमीटरला 25-30 अंशांनी तापमान वाढतं. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी भेगांतून एक किलोमीटरहून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पाण्यात विरघळलेली सिलिका मोजून ते खाली किती तापलं होतं याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात, कारण पाणी जितकं गरम तितकी सिलिका जास्त विरघळते. पायऱ्यांवर एक म्हातारी गुडघे शेकत बसली होती. दाजीही तिच्या शेजारी पाय सोडून बसले आणि अर्धा तास उठेनात.

यावलला मामाकडे रात्री भरीत आणि कळण्याची भाकर. सकाळी मळ्यात. पायथ्याचा हा पट्टा दगडगोट्यांचा आणि वाळूचा. सातपुड्याचं पाणी इथे मुरायचं आणि खालच्या गाळाच्या जाड थरात साठायचं. त्या साठ्यावर रावेर-यावलची केळी उभी राहिली. केळीला बारा महिने पाणी लागतं, आणि मुरतं त्याहून अधिक उपसा इथे वर्षानुवर्षं चालला आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबर आणि मे मधला फरक म्हणजे वर्षाचा जमाखर्च.

कोयनेच्या परिसरात तर 1990 च्या दशकात 21 बोअर खास यासाठी खणल्या की भूकंपाने पाणी कसं हलतं ते बघावं. तिथे चंद्रसूर्याच्या ओढीने खडक ताणला जातो तेव्हासुद्धा पाणी काही सेंटिमीटर वरखाली होताना दिसतं. हे मी मामाला सांगितलं. तो जुन्या विहिरीच्या काठावर बसून खाली बघत होता. तळाला बाभळीचं झुडूप उगवलंय. "तुले आठवतं का? याच विहिरीत पव्हायले शिकला तू."

आठवत होतं. पाचव्या पायरीवर पाणी असायचं.

पुण्याहून मी पाणीपातळी मोजायची टेप आणली होती. टोकाला दोन तारा, पाणी लागलं की वर बझर वाजतो. आटलेल्या बोअरचं झाकण मामेभावाने काढलं. टेप सोडत गेलो. शंभर फूट. दोनशे. मामा उठून जवळ आला आणि कान पाइपाला लावून उभा राहिला. तीनशे ओलांडले आणि भावाने माझ्याकडे बघितलं. तीनशे बेचाळीसला बझर वाजला.

"म्हणजे पाणी हाय," मामा म्हणाला.

"आहे. पंप तीनशे वीसवर होता."

मामेभाऊ घरातून वही घेऊन आला. केळी तोडणीच्या हिशेबाची वही, मागची पानं कोरी. त्याने तारीख लिहिली, खाली 342 लिहिलं आणि पुढे कंसात "फूट". मग मला विचारलं, टेप इथेच ठेवून जाशील का, म्हणजे ऑक्टोबरात दसऱ्याला आणि मग अक्षय तृतीयेला बघता येईल. मी टेप पुसून गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.