स्वतःचा सर्व्हर कोलोकेशनला (म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत) ठेवला, माझा अनुभव

आमचं काम म्हणजे स्टुडिओवाल्यांकडून लग्नाचे फोटो-व्हिडिओ घ्यायचे आणि घरच्यांना लिंक द्यायची, त्यामुळे डेटा टीबीत आणि सीझनमध्ये डाउनलोड तर विचारूच नका. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमधून बाहेर जाणारा डेटा जीबीला साधारण 11 सेंट पडतो, महिन्याचे पहिले 100 जीबी फुकट, पण 2 टीबी गेला की नुसत्या डाउनलोडचेच 200 डॉलर, साठवणुकीचे वेगळे. मग जर्मनीतला भाड्याचा सर्व्हर बघितला. स्वस्त आहे, ट्रॅफिकही भरपूर देतात, पण पुण्यातून पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा सगळ्यांचाच युरोपचा रस्ता लांबला होता.

पार्टनर म्हणाला, अरे सेकंडहँड 2यू (रॅकमध्ये दोन खण उंचीचं) मशीन आहेच आपल्याकडे, ऑफिसातच लाव ना. लावलं असतं, पण 200 वॅट सतत म्हणजे महिन्याला 144 युनिट, वर एसी, गुरुवारी लाईट गेली की इन्व्हर्टर किती ताणणार, आणि त्या पंख्यांचा आवाज ऐकलाय का कधी, शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही.

म्हणून नवी मुंबईतल्या डेटा सेंटर्सची कोटेशन मागवली. जागेचं भाडं बघून खूश होऊ नका, खरा पैसा पॉवरमध्ये असतो. कोणी ठरावीक केव्हीएचे (विजेच्या क्षमतेचे) पैसे लावतं, वापरा नाहीतर नका वापरू, कोणी मीटरप्रमाणे. त्यात आयपी, क्रॉस कनेक्ट (डेटा सेंटरमधल्या जोडणीची केबल), रिमोट हँड्स (म्हणजे त्यांच्या माणसाने आपली डिस्क बदलून देणं) आणि 18 टक्के जीएसटी. सगळं एका एक्सेलमध्ये टाकल्यावर सगळ्यात स्वस्त दिसणारं कोटेशन सगळ्यात महाग निघालं!

बँडविड्थचं बिलिंग मात्र आमच्या फायद्याचं होतं. 95 पर्सेंटाइल म्हणजे दर पाच मिनिटांचं रीडिंग घेतात आणि महिन्यातली वरची 5 टक्के सोडून देतात, म्हणजे जवळजवळ 36 तासांची गर्दी हिशोबातच येत नाही. आमचे लोक लिंक मिळाली की रविवारी रात्री एकदम तुटून पडतात आणि मग आठवडाभर शांतता, त्यामुळे हे आम्हाला फिट बसलं. रोज दिवसभर सारखाच ट्रॅफिक असेल तर यात काही वाचणार नाही.

शेवटी नवी मुंबईतल्याच महापेचं डेटा सेंटर ठरवलं. तिथे मशीन न्यायच्या आधी मेल करून गेटपास काढला, सिरियल नंबरसकट डिलिव्हरी चलन लागतं. रॅकच्या पीडीयूला (पॉवरच्या पट्टीला) आपले घरचे थ्री-पिन प्लग बसत नाहीत, सी13-सी14 केबल लागते, ती आधीच विचारून घेतली होती. दोन्ही पॉवर सप्लाय वेगवेगळ्या फीडवर (विजेच्या लाइनवर) लावून घ्या, नाहीतर दोन असून उपयोग काय. रेल्सची (मशीन सरकवायच्या पट्ट्यांची) लांबी पण रॅकशी जुळवून बघा. आयड्रॅक (सर्व्हर दुरून हाताळायची डेलची सोय) व्हीपीएनच्या मागे टाकलं, म्हणजे मशीन हँग झालं तरी पुण्यातून रीबूट करता येतं, आणि एक स्पेअर डिस्क तिथेच ठेवली.

छोटी कंपनी असेल, डेटा थोडा असेल तर मी अजूनही भाड्याचा सर्व्हरच सांगेन, कारण कोलोकेशनमध्ये मदरबोर्ड गेला तर तो आपला प्रॉब्लेम. आमची वेबसाइट आणि मेल अजून क्लाउडवरच आहेत, फक्त जड फायली महापेला, आणि त्यांची एक कॉपी रोज रात्री ऑफिसातल्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) येते, गुरुवारी लाईट गेली तर शुक्रवारी.