परिच्छेद 9

त्या दिवशी राज्य ग्राहक आयोगाच्या बोर्डावर आमचं अपील चौदावं होतं. ताई आणि त्यांचे यजमान भाऊ आदल्या रात्रीच्या एसटीने निघून सकाळीच मुंबईत पोचले होते. मी, त्यांची वकील, सीएसएमटीला उतरून आयोगात पोचले तेव्हा दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले, मांडीवर फायलींची पिशवी. "मॅडम, आज तरी होईल ना?" भाऊंनी विचारलं. याआधीच्या चार तारखांनाही त्यांनी हेच विचारलं होतं.

ऑपरेशन होऊन सात वर्षं झाली होती. ग्राहक कायद्यात तक्रार तीन महिन्यांत आणि अपील 90 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलेलं आहे. भाऊंना ही तरतूद मीच कधीतरी सांगितली होती, आणि दर तारखेला सांगितल्याचा पस्तावा होई.

प्रकरण असं. ताईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पित्ताशय काढताना त्याची बारीक नळी क्लिप लावून कापावी लागते. तिला लागूनच यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका असते. सूज असली, चिकटलेलं असलं, की कुठली नळी कुठली हे ओळखणं अवघड होतं. ताईंच्या बाबतीत मुख्य नलिकेला इजा झाली. पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. नवव्या दिवशी पोट फुगून, ताप चढून त्या पुण्यात दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा पोटभर पित्त पसरलेलं होतं. पुढे काही महिन्यांनी मोठं ऑपरेशन करून आतडं थेट यकृताच्या नलिकेला जोडावं लागलं. सोसायटीचं कर्ज त्यातच झालं.

तक्रार मीच लिहिली. "चुकीची नळी कापली" हा तिचा कणा होता, आणि जिल्हा ग्राहक मंचात आम्ही हरलो. समोरच्यांनी एका ज्येष्ठ सर्जनचं शपथपत्र दिलं होतं: पित्तनलिकेला इजा ही या ऑपरेशनमधली माहीत असलेली गुंतागुंत आहे, निष्णात हातांकडूनही ती होते. आमच्याकडे तज्ज्ञाचं मत नव्हतंच. तज्ज्ञाच्या मताअभावी निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, तक्रार खारीज. ताईंना निकाल वाचून दाखवताना माझा आवाज लागत नव्हता.

तज्ज्ञाचं मत का नव्हतं, तेही सांगते. मी तीन सर्जनकडे गेले होते. तिघांनी कागद बघितले, तिघे तोंडी भरपूर बोलले, लिहून द्यायला एकही तयार झाला नाही. अपील दाखल केल्यावर त्यांतल्या एकांकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, "नळी कापली गेली यावर मी एक ओळ लिहून देणार नाही. उद्या माझ्या हातून होऊ शकतं. पण मॅडम, ड्रेनचा चार्ट नीट बघितलात का?"

बघितला होता, वाचला नव्हता. त्या रात्री इनडोअर केस पेपर पुन्हा काढले. (रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत हे कागद द्यायचे, असा मेडिकल कौन्सिलचा 2002 पासूनचा नियम आहे. आम्हाला ते मिळवायला दोन नोटिसा पाठवाव्या लागल्या, पण मिळाले.) ड्रेन म्हणजे ऑपरेशननंतर पोटात ठेवतात ती नळी, आत काही साचत असेल तर बाहेर यावं म्हणून. तिच्यातून किती आणि कसलं पाणी आलं हे सिस्टर तक्त्यात लिहितात. पान 58. गोल, वळणदार अक्षर. पहिला दिवस: 30 मिली, रक्तमिश्रित. दुसरा दिवस: 220 मिली, बायलियस. तिसरा दिवस: 350 मिली, बायलियस. बायलियस म्हणजे पित्तमिश्रित. शेजारच्या पानावर त्याच दोन दिवसांच्या डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी: "स्टेबल. सीएसटी." सीएसटी म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, आहे तेच चालू ठेवा. चौथ्या दिवशी: "ड्रेन काढला." डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं की रुग्ण कुठल्याही गुंतागुंतीशिवाय बरी झाली.

मी किती तरी वेळ ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बसले होते. ड्रेनमधून पित्त येतंय म्हणजे आत कुठेतरी गळती आहे. अशा वेळी सोनोग्राफी करायची, रक्त तपासायचं, नळी जागेवर राहू द्यायची आणि यकृत-पित्ताच्या सर्जनकडे लवकर पाठवायचं. यातलं काहीही झालं नव्हतं, आणि हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. रुग्णालयाच्याच सिस्टरने ते लिहून ठेवलं होतं.

दुपारच्या सुट्टीनंतर पुकारा झाला. दोन सदस्यांचं पीठ. मी सुरुवातीलाच म्हटलं की ऑपरेशनमध्ये नलिकेला इजा झाली, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरतात असं आमचं आता म्हणणं नाही. मागच्या बाकावर भाऊंनी मान वर केली ती मला न बघताही जाणवली. आदल्या आठवड्यात फोनवर मी त्यांना हे समजावलं होतं, ते "बरं" म्हणाले होते. पण फोनवरचं बरं वेगळं, आणि आपल्याच वकिलाच्या तोंडून भर कोर्टात ते ऐकणं वेगळं.

पुढे मी कायदा मांडला. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरकडून अपेक्षा असते ती त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण कौशल्याची, सर्वोच्च कौशल्याची नव्हे. मला तेवढीच अपेक्षा पुरेशी होती. तज्ज्ञाच्या मताबद्दल 2010 चा व्ही. किशन राव निकाल दाखवला: प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही. आणि एक जुना निकाल, 1968 चा, मांडीचं हाड मोडलेल्या मुलाचा, पुण्यातला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली आहेत: रुग्ण घ्यायचा का हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते उपचार देताना काळजी. मी म्हटलं, आमची तक्रार दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दल आहे, ऑपरेशन टेबलावरून रुग्ण वॉर्डात आल्यानंतरची.

अध्यक्षांनी मला थांबवलं. "मॅडम, हे जिल्हा मंचासमोर मांडलं होतं का?"

याच प्रश्नाने मला दोन रात्री झोप नव्हती. "युक्तिवादात मांडलं नव्हतं," मी म्हटलं. समोरचे वकील लगेच उठले. त्यांचं म्हणणं रास्त होतं: अपिलात नवीन प्रकरण उभं करता येत नाही, आम्हाला उत्तराची संधीच मिळाली नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मी मूळ तक्रारीतला परिच्छेद 9 वाचायची परवानगी मागितली. दोनच वाक्यं. "तक्रारदाराच्या पोटातील नळीतून हिरवट पाणी येत होते व त्यामुळे चादर भिजत होती. तक्रारदाराने ते सिस्टरला दाखवले असता थोडे येते असे सांगण्यात आले व डॉक्टरांनी त्याबाबत काहीही केले नाही."

ही वाक्यं माझी नव्हती. तक्रार लिहिताना ताई हिरव्या पाण्याचं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मला वाटलं होतं की याने कायद्यात काही फरक पडत नाही, मुख्य मुद्दा नळी कापल्याचा आहे. त्यांनी हट्ट धरला म्हणून मी ते घातलं.

दुसऱ्या सदस्यांनी पेपरबुक उघडलं, पान 58 काढलं आणि समोरच्या वकिलांना विचारलं, "परिच्छेद 9 ला तुमचं उत्तर काय आहे?" उत्तरात एकच ओळ होती: मजकूर नाकबूल. "पण हा तक्ता तर तुमचाच आहे," सदस्य म्हणाले. "350 मिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काय केलं?" वकिलांनी पानं उलटली. मागे बसलेले सर्जन पुढे वाकून त्यांच्या कानात काही बोलले. वकील म्हणाले, "रुग्णाला ताप नव्हता, पोटदुखीची तक्रार नव्हती." सदस्यांनी आणखी तीन पानं उलटून तापाचा तक्ता काढला. चौथ्या दिवशी संध्याकाळी 100.4.

त्यानंतर सर्जन मागे टेकून बसले आणि शेवटपर्यंत पुढे वाकले नाहीत. मला त्या माणसाचा राग आला नाही. ते वयस्कर होते, दमलेले दिसत होते, आणि रोज डझनभर रुग्ण बघून "सीएसटी" लिहिणारा हात कसा असतो हे मी आतापर्यंत इतक्या फायलींत पाहिलंय. पण ताईंची चादर दोन दिवस भिजत होती.

निकाल राखून ठेवला. बाहेर आल्यावर भाऊ माझ्याशी बोलेनात. शेवटी म्हणाले, "म्हणजे कापलं ती त्यांची चूक नाही, असं तुम्हीच सांगून टाकलंत." मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात ताईच बोलल्या. "मी पहिल्यापासून काय सांगत होते? कापलं-बिपलं मला काय कळतंय? मी झोपलेली. जागी झाल्यावर दाखवलं तवा कुणीतरी बघायला पाहिजे होतं."

सात वर्षांत आमची बाजू इतक्या नेमकेपणाने मला एकदाही मांडता आली नव्हती. मी त्यांची माफी मागितली. त्यांना ती कशाबद्दल हे कळलं नसावं, त्या पिशवीतली पाण्याची बाटली शोधत होत्या.

दोन महिन्यांनी अपील अंशतः मंजूर झालं. ऑपरेशनदरम्यानचा निष्काळजीपणा सिद्ध नाही, ऑपरेशननंतरचा सिद्ध. सात लाख रुपये, तक्रारीच्या तारखेपासून 9 टक्के व्याज. रुग्णालय रिव्हिजनमध्ये दिल्लीला राष्ट्रीय आयोगात गेलंय, म्हणजे पैसे अजून हातात नाहीत.

निकालाची प्रत आली त्या संध्याकाळी मी फोनवर ताईंना ड्रेनबद्दलचा भाग मराठीत वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. मग थोडं थांबून विचारलं, "त्या सिस्टरला काही होणार नाही ना, मॅडम? लिहिलं तर तिनंच होतं."

मी म्हटलं, नाही, त्यांना काही होणार नाही.