आमची वाटचाल : एक टीबी, आठ कॅमेरे आणि नऊ दिवस

जालन्याच्या नव्या मोंढ्यात एका आडत दुकानाला मी चार सीसीटीव्ही कॅमेरे बसवले होते. हंगामात माल वाढला, गोदामाची मागची बाजू दिसत नव्हती, म्हणून शेठजींनी आणखी चार लावायला सांगितले. रेकॉर्डर आठ चॅनलचा होताच. केबल ओढली, तिच्या टोकाच्या बीएनसी पिना जोडल्या, टीव्हीवर आठ चौकोन आले, पैसे घेऊन निघालो. आतली हार्ड डिस्क तीच राहिली, एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची.

पुढे एकदा मोजदादीत सोयाबीनचे कट्टे कमी भरले. हमालाला आठवलं, एका सकाळी मागच्या शटरचं कुलूप उलटं लागलेलं होतं. त्याला नऊ दिवस झाले होते. मी रेकॉर्डर उघडला, तर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग सहा दिवसांचंही नव्हतं. शेठजी एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्ही तर महिनाभर राहतं म्हणला होता."

म्हणालो होतो. माल देणाऱ्याने मला सांगितलं, तेच मी पुढे सांगितलं. हिशोब कधी केलाच नव्हता. त्या रात्री घरी बसून पहिल्यांदा केला. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला येणारी माहिती, २ एमबीपीएस, म्हणजे २ मेगाबिट. आठ कॅमेऱ्यांचे १६. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला २ मेगाबाइट डिस्कवर उतरतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद. दिवसाला जवळपास १७३ जीबी. एक टीबी सहाव्या दिवशीच भरतो आणि नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढायला लागतं. चार कॅमेरे असताना साडेअकरा दिवस मिळत होते. चार वाढवून ते मीच निम्मे केले होते. शेठजींना दुसऱ्या दिवशी हे कागदावर दाखवलं आणि मोठी डिस्क माझ्या खर्चाने बसवून दिली. कट्टे काही परत आले नाहीत.

त्याआधी मी टीव्ही आणि डिश दुरुस्त करायचो. कॅमेऱ्याच्या कामात शिरलो तेव्हा वाटलं, हीही केबलचीच कामं. शिडी, ड्रिल, क्रिम्पिंगचा पाना हातात होताच. पण धंद्याचं अर्धं काम शब्दांचं आहे, हे त्या नऊ दिवसांनी शिकवलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बिलासोबत एक चिठ्ठी जाते: कॅमेरे किती, बिटरेट किती, डिस्क किती, रेकॉर्डिंग किती दिवस. बायको बिलं करते. दिवसांचा आकडा भरल्याशिवाय ती बिलावर शिक्का मारत नाही.

हिशोबामुळेच एच.२६५ चा अर्थ कळला. व्हिडिओ दाबून लहान करायची ही पद्धत २०१३ मध्ये आली, तिच्या आधीची एच.२६४ ही २००३ ची. चित्र तेवढंच चांगलं ठेवून नवीला साधारण निम्मा बिटरेट पुरतो, म्हणजे त्याच डिस्कवर दिवस जवळपास दुप्पट. मात्र कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींना ती यायला हवी. लोक मेगापिक्सल विचारतात, ते बरोबरच आहे. पण २ मेगापिक्सल म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, आणि बिटरेट फार खाली ओढला की तेवढे ठिपके असूनही चालत्या माणसाचा चेहरा चिखलासारखा दिसतो. दिवस वाढवायला बिटरेट उतरवणं मला पटत नाही. डिस्क मोठी घ्या.

मग घरचे कॅमेरे मोबाइलवर बघायचं युग आलं. अंबड रोडला एक निवृत्त गुरुजी आणि काकू एकटेच राहतात, मुलगा पुण्याला. आधी राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून रेकॉर्डरपर्यंत यायची वाट, करून दिलं होतं, मुलाला व्यवस्थित दिसायचं. त्यांनी नेटचं कनेक्शन बदललं आणि बंद पडलं. काकूंचा फोन आला, "कामून दिसंना हो लेकराला?" दोन चकरा मारल्यावर सापडलं. राऊटरचा बाहेरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला, की समजायचं नेटवाल्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. घराला स्वतःचा दरवाजाच नाही, मग पोर्ट कुठला उघडणार? तिथे स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा आयपी विकत घ्यायचा, नाहीतर रेकॉर्डरवरचा क्यूआर स्कॅन करून पीटूपी वापरायचं, त्यात कंपनीचा सर्व्हर मोबाइल आणि रेकॉर्डरची गाठ घालून देतो. गुरुजींकडे पीटूपी चालू केलं. मुलाला चित्र पुसट दिसायचं, ते सबस्ट्रीमचं, म्हणजे मोबाइलसाठी जाणाऱ्या हलक्या चित्राचं. डिस्कवर मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण चित्र, स्वच्छ उतरत होता, हेही त्याला समजावलं.

पासवर्ड मात्र ग्राहकाने स्वतः टाकायचा, तेवढा वेळ आमचा पोरगा पाठ फिरवून उभा राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या.

आणि घड्याळ. नेट नसलेल्या रेकॉर्डरमधला नाण्याएवढा सेल संपला, की लाइट जाऊन आल्यावर तारीख कुठल्याकुठे जाते. मग चोर दिसतो, पण वेळ खोटी. जालनेकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याच विधानसभा मतदारसंघातल्या २०१४ च्या निवडणुकीच्या खटल्यात उमेदवारी अर्ज वेळेत आले का, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुराव्यात आलं. त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की मूळ यंत्र न आणता नक्कल दिली तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं, म्हणजे नक्कल कुठल्या यंत्रातून कशी काढली याचं, प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलमध्ये जरा फेरफार झाला तरी बदलणारा तिचा आकडा, लिहावी लागते. म्हणून कुणी फुटेज मागितलं, की आम्ही आधी रेकॉर्डरची वेळ आणि खरी वेळ यातला फरक लिहून घेतो, मगच पेनड्राइव्ह लावतो.

मृगाच्या आधी, विजा सुरू व्हायच्या आत, आम्ही जुन्या ग्राहकांकडे एक फेरी मारतो. अर्थिंग बघतो, गच्चीवरचे जोड बघतो आणि प्लेबॅकचं कॅलेंडर उघडून सगळ्यात जुनी तारीख चिठ्ठीवरच्या दिवसांशी जुळवतो. यंदा दोन ठिकाणी जुळली नाही. एकीकडे डिस्क खराब झाली होती, दुसरीकडे मालकांनी कॅमेरे वाढवून घेतले होते, दुसऱ्या कुणाकडून. दोन्ही चिठ्ठ्या नव्याने लिहून दिल्या.