मसुद्यात ठेवलेला राजीनामा

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज दुपारी साडेबाराच्या सुमारास माझा राजीनामा लिहून तयार होता. बैठकीत माझ्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्याच पदरात पडले आणि जागेवर परतल्यावर पाच ओळी अशा सरसर उतरल्या की एक शब्दही खोडावा लागला नाही. बोट ईमेल पाठवण्याच्या बटणावर टेकले आणि तिथेच थांबले. राग तसूभरही उतरला नव्हता, कानशिले तापलेली होती. तरीही घराचा हप्ता, अर्धवट राहिलेला अहवाल आणि माझ्या भरवशावर असलेल्या दोन नवख्या सहकारी मुली हे सारे त्याच क्षणी डोळ्यांसमोर उभे राहिले. ईमेल मसुद्यात ठेवला आणि पाणी प्यायला उठले.

याआधीच्या दोन्ही नोकऱ्या मी अशाच पाच ओळींत सोडल्या आहेत. तेव्हा हप्ता आठवला नाही असे नव्हे. तो आठवला, पण पाठवून झाल्यावर. एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या स्थितीचे, निदान 34व्या वर्षी झाले आणि मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध सुरू होऊन आज अकरा आठवडे झाले, म्हणून आज जे घडले ते नीट लिहून ठेवावेसे वाटते.

‘उत्तेजक’ औषधाने माणूस थांबायला कसा शिकतो, हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारला होता. 1937 मध्ये अमेरिकेत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलेली काही मुले शांत होऊन अभ्यासाला लागली, तेव्हा तेही चकित झाले होते. आज त्याचे बरेचसे उत्तर हाती आहे. एका चेतापेशीने सोडलेले डोपामाइन हे संदेशवाहक रसायन काही वाहक प्रथिने पुन्हा आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ही वाट अडवते, त्यामुळे दोन पेशींमधल्या फटीत डोपामाइन अधिक काळ टिकते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये डोपामाइनचे स्वतःचे वाहक विरळ असतात आणि तिथे नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे वाहकच दोन्ही रसायने उचलतात. औषध तेही अडवते, म्हणून पुढचा-मागचा विचार जिथे धरून ठेवला जातो त्या भागात दोन्हींची पातळी वाढते. हातचे छोटे सुख आणि लांबचे मोठे हित यांची तुलना करताना लांबच्याला मग थोडे वजन येते. पडद्यावर बाण दिसताच बटण दाबायचे आणि मध्येच खूण झाली तर हात आवरायचा, अशी एक चाचणी आहे. तिच्यात एडीएचडी असलेल्यांचा हात या औषधाने लवकर आवरतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. माझे बोट आज तसेच आवरले गेले असावे, असे मला मनापासून वाटते.

मात्र अधिक म्हणजे चांगले, असे हे गणित नाही. या भागात डोपामाइन कमी पडले तरी काम बिघडते आणि फार झाले तरी बिघडते. सहाव्या आठवड्यात डोस वाढवला, तेव्हा मी एकाच तक्त्यात तीन तास रुतून बसले होते, भूक मेली होती आणि छातीतली धडधड हाताला लागत होती. डॉक्टरांनी तो लगेच खाली आणला.

शिवाय माझ्या गोळीचा अंमल साधारण चार तासांचा असतो. गेल्या गुरुवारी संध्याकाळी तो ओसरत असताना ताईला फोनवर जे बोलले, ते दुपारी नक्कीच ओठांत राहिले असते. ती काही न बोलता फोन ठेवून गेली. त्या दिवसापासून सात वाजल्यानंतर मी पैशाचा, नोकरीचा किंवा नात्याचा कोणताही निर्णय घेत नाही.

आजचा निर्णय माझा की गोळीचा, हा प्रश्न संध्याकाळभर मनात घोळत होता. मला तो माझाच वाटतो, कारण हप्ता, अहवाल आणि त्या मुलींची काळजी गोळीने आणून दिलेली नाही. ती आधीपासून माझीच होती, फक्त बोटापर्यंत वेळेवर पोहोचत नव्हती.

मसुदा अजून तसाच आहे. उद्या सकाळी गोळी घेतल्यावर तासाभराने तो उघडून वाचणार आहे, आणि तेव्हाही नोकरी सोडावी असेच वाटले तर पाठवून देईन.