ओ, यू, जी, एच आणि आमचा दुष्काळ

इंग्रजी स्पेलिंगवर चिडायचंच असेल तर नाइफच्या के वर किंवा सायकॉलॉजीच्या पी वर कशाला चिडायचं, ते बिचारे गप्प बसून असतात, एकदा कळलं की विषय संपला. खरा ताप आहे तो ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा. ही चौघं शेजारी शेजारी आली की पुढं काय आवाज निघेल ते आधी कुणी सांगूच शकत नाही.

रफ, टफ, इनफ हे तिघं तर आता मराठीच झालेत, रफ वही, पेपर लई टफ होता, बस इनफ आता. इथं जीएच म्हणजे फ. त्यांच्याच शेजारी कॉफ, म्हणजे खोकला. याला आपण सगळे मेडिकलमध्ये बिनधास्त "कफ सिरप द्या ओ" म्हणतो, आता आपला कफ संस्कृतातला आणि त्यांचा कॉफ वेगळा, नातं काही नाही, पण आजार एकच असल्यामुळं दुकानदाराला कळतं आणि सिरप मिळतं, मग उच्चार कोण सुधारणार. पुढं गेलं की दो येतं, 'जरी' या अर्थाचं, तिथं जीएच गायब. भिजवलेल्या कणकेचा डो पण तसाच. मग थ्रू, तिथं ऊ. थरो म्हणजे कसून केलेलं, त्यात अमेरिकन शेवटी ओ म्हणतात आणि इंग्लंडवाले नुसतं थरा म्हणून सोडून देतात. आणि हिकप, म्हणजे उचकी, त्याचं एक जुनं स्पेलिंग शेवटी सीओयूजीएच असं आहे, उच्चार मात्र प चाच! कुणाला तरी वाटलं उचकी म्हणजे खोकल्याचाच प्रकार असणार, म्हणून ते घुसवलं, बाकी कारण काही नाही.

भाची आठवीत आहे, ती हे सगळं ऐकून म्हणाली, मामा, एवढे वेगवेगळे आवाज आहेत तर वेगवेगळं लिहीत का नाहीत ओ? प्रश्न बरोबर आहे. तर गोष्ट अशी की हा जीएच पूर्वी मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत तिथं घशातून येणारा ख सारखा आवाज होता, जर्मनमध्ये तो अजून आहे, रात्रीला ते नाख्ट म्हणतात. श्रावणी सोमवारी घरात कुणी नक्त, म्हणजे फक्त रात्री जेवायचा उपास, करत असेल तर त्या नक्तातला क, नाख्टमधला ख आणि नाइटमधला न बोलला जाणारा जीएच हे सगळे एकाच खानदानातले. डॉटर आणि आपली दुहिता यांचंही तसंच. १४७६ मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला तेव्हा हा आवाज बऱ्याच लोकांच्या तोंडात अजून होता, छापखान्यामुळं हळूहळू स्पेलिंग पक्कं होत गेलं आणि आवाज मात्र नंतर बदलला, आणि तोही सगळीकडं सारखा नाही, कुठं त्याचा फ झाला, कुठं पार पुसला गेला, आणि आपल्यापर्यंत आली ती सगळी खिचडी. म्हणून तर लाफ्टर आणि डॉटर नुसत्या पहिल्या अक्षराचा फरक असून जुळत नाहीत, आणि लाफ्टरच्या आधी एक एस लावला की स्लॉटर होतो, म्हणजे हसण्याची थेट कत्तल.

सुधारायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९०६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० शब्द सोप्या स्पेलिंगनं छापायला सांगितलं, त्यात थ्रू आणि दो पण होते, शेवटचं जीएच कापून. पेपरवाल्यांनी टिंगल केली, संसदेनं विरोध केला आणि त्याच वर्षी साहेबांना माघार घ्यावी लागली. एवढा मोठा माणूस, चार अक्षरांपुढं हरला. आपल्याकडं बघा, जुन्या इंग्रजी कागदांवर सोलापूरच्या नावात एस नंतर एच असायचा, शोलापूर, तो गेला आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता कामाचं सांगतो, कारण क्लासमध्ये टी-एच-ओ-यू-जी-एच-टी असं सुरात पाठ करून घेतात पण हे कुणी सांगत नाही. या चौघांच्या मागं टी आला की बहुतेक वेळा आवाज एकच, ऑट. थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट, ऑट. बिनधास्त ठोकून द्यायचं. या कुटुंबात भरवसा ठेवावा असा हा एवढाच नियम, पण त्याला जो ठळक अपवाद आहे तो नेमका आपल्या वाट्याला आलाय: ड्राउट. दुष्काळ!

म्हणजे सोलापूरच्या पोरांना निबंधात, वक्तृत्वात, प्रोजेक्टमध्ये जो इंग्रजी शब्द हमखास लागणार, १९७२ चा दुष्काळ म्हणा, उजनीचं पाणी म्हणा, टँकर म्हणा, तोच नियम मोडून बसलाय. पोरं स्टेजवर ड्रॉट म्हणतात आणि त्यात त्यांची काय चूक आहे सांगा, ब्रॉट शिकवलं की ड्रॉट येणारच ना. मोठी माणसं पण तेच म्हणतात, मी साहेब लोकांच्या भाषणात ऐकलंय. हा शब्द वेगळा का, तर तो ब्रॉट-थॉटच्या घरातला नाहीच, तो ड्राय, म्हणजे कोरडं, याच्या नात्यातला आहे, त्याच्या शेवटी पूर्वी टी नव्हता, थ होता, टी नंतर आला आणि दिसायला भावकीतला वाटायला लागला.

मी भाचीला एवढंच सांगितलं की याला टी वाल्यांत ठेवूच नको, शेतीच्या गटात टाक. बाउ म्हणजे झाडाची फांदी, प्लाउ म्हणजे नांगर, ड्राउट म्हणजे दुष्काळ, तिन्हीत आउ. तिला ते लगेच जमलं, आणि मग तिनंच डिक्शनरीत चौथा शोधून काढला, स्लाउ, म्हणजे दलदल. पण त्यालाच अमेरिकन लोक स्लू म्हणतात, आणि सापानं टाकलेल्या कातीला सेम टू सेम स्पेलिंग असून तिथं स्लफ म्हणायचं असतं. मी म्हटलं बाई, हा परीक्षेत येत नाही, सोड.